एक दाणा उरतो

मला गोष्ट सांगता येत नाही. आयुष्यभर दुसऱ्यांनी लिहिलेलं वाचत आलो. स्वतःच्या डोक्यानं एकदाच काही लिहिलं आणि ते चुकलं. हे त्या चुकीबद्दल आहे. बहुधा यातही काही चुकेल.

चिखल्याला माझं दोन खोल्यांचं घर आहे. पुढे सुरूची झाडं, त्यापलीकडे वाळू आणि समुद्र. बायको गेल्यापासून मी एकटाच असतो. आसपासचे लोक इंग्रजी कागद वाचून घ्यायला येतात. कधी विम्याचं पत्र असतं, कधी इस्पितळाचा रिपोर्ट, कधी कोर्टाची नोटीस. मी वाचून मराठीत सांगतो. कागद संपला की पुढे काय बोलावं ते मला सुचत नाही, आणि हे आता सगळ्यांना माहीत झालंय, त्यामुळे कोणी वाईट वाटून घेत नाही.

२०१९च्या मे महिन्यात, सकाळी नवाच्या सुमाराला, दक्षा आली. तलासरीच्या पूर्वेला डोंगराकडे तिचा पाडा. वय वीस, अंगानं काटक. इको गाडी आणि रिक्षा बदलत इतक्या लांब आली होती. सैन्यात पहिल्यांदाच शिपाई म्हणून मुली घेणार होते आणि तिला फॉर्म भरायचा होता. बाप लढाईत गेला असेल तर भरतीत काही सवलत मिळते, असं तिला कॉलेजात कोणीतरी सांगितलं होतं. तिचा बाप सुदाम १९९९च्या उन्हाळ्यात उत्तरेकडच्या डोंगरात मारला गेला, तेव्हा ती चार महिन्यांची होती. नंतर आईनं दुसरं घर केलं, आणि दक्षाला आजीनं वाढवलं.

अडचण एकच होती. बापाचे मूळ कागद आजीच्या पेटीत होते आणि आजी ते देत नव्हती. दक्षानं चोरून फक्त एका पत्राची झेरॉक्स आणली होती. बापाच्या साहेबांचं इंग्रजी पत्र आहे, त्यात त्याचं नाव दिसतं, बाकी अक्षर लागत नाही, म्हणाली. अक्षर खरोखरच वाईट होतं.

पत्र सुदामच्या तुकडीच्या अधिकाऱ्यानं हातानं लिहिलेलं होतं. तो तरुण असावा, कारण असली पत्रं लिहिण्याची ठरलेली भाषा त्याला अजून आली नव्हती. त्यानं लिहिलं होतं की वरच्या ठाण्यावर शत्रू असणार नाही असं आम्हाला सांगण्यात आलं होतं. त्यांचं सैन्य त्या उंचीवर हिवाळा काढूच शकत नाही, हे अनेक वर्षांपासून नक्की धरलेलं होतं. पाच जण बघायला चढले, सगळ्यात पुढे सुदाम होता. ठाणं रिकामं नव्हतं.

मी ते वाचलं आणि चष्मा काढून पुसत बसलो. 'त्या उंचीवर हिवाळा काढूच शकत नाही.' हे वाक्य माझं होतं.

इथे थोडं मागचं सांगावं लागेल. घोलवडच्या एका म्हाताऱ्या इराणी चिकूवाडीवाल्याकडून मी लहानपणी फारसी लिपी शिकलो. कारण काही नव्हतं, त्याच्याकडे पुस्तकं होती एवढंच. पुढे त्या लिपीच्या जोरावर उर्दू आली आणि उर्दूच्या जोरावर दिल्लीत सैन्याच्या एका कचेरीत भाषांतरकाराची नोकरी मिळाली. १९७१ची लढाई संपल्यावर पकडलेल्या शिपायांचे जबाब आणि त्यांच्याजवळ सापडलेली पत्रं गठ्ठ्यांनी येऊ लागली. वर्षभरात मी शेकडो जबाब वाचले. मोज्यांऐवजी पायाला गुंडाळलेली गोणपाटं, काळी पडलेली बोटं, वाटेत मेलेली खेचरं, ठाण्यावर कधी न फिरकलेले अधिकारी, हे सगळं मला पाठ झालं. तेव्हा आमच्या साहेबांनी मला बोलावून सांगितलं की सगळ्यात जास्त तू वाचलंयस, तर तूच टिपण लिही. या लढाईत ते जसे लढले त्यावरून पुढची पंचवीस-तीस वर्षं डोंगरात त्यांची ताकद किती राहील? मी सव्वीस वर्षांचा होतो. रात्रंदिवस खपून अकरा पानं लिहिली.

साहेबांनी ती लाल पेन्सिल हातात घेऊन वाचली आणि हसले. म्हणाले, "रवींद्र, यात चौदा ठिकाणी 'कदाचित' आहे. तुझ्या कदाचितवर मी माणसं कुठे उभी करू? काढून टाक ते."

मी काढलं. चौदाच्या चौदा. त्याबरोबर आणखी एक गोष्ट काढली, आणि ती कोणी सांगितली नव्हती. एका स्वयंपाक्याच्या जबाबात होतं की त्यांना पकडून खाली आणत असताना त्यांचा एक हवालदार सारखा ओठांत पुटपुटत होता. नमाज पढतोय असं स्वयंपाक्याला वाटलं. जवळ गेल्यावर कळलं की तो पावलं मोजतोय. कड्यापासून नाल्यापर्यंत किती, नाल्यापासून वाटेपर्यंत किती. हरलेला, हात बांधलेला माणूस पुढच्या वेळेसाठी डोंगर मोजत होता. पहिल्या मसुद्यात मी हे घातलं होतं. पण 'कदाचित' काढल्यावर त्याला जागा उरली नाही. ते हरले कसे हे मी मोजलं. हरून ते काय शिकतील हे मोजलंच नाही.

ते टिपण पुढे कोणी वाचलं की नाही, मला ठाऊक नाही. असली टिपणं कपाटात कुजतात. दुसऱ्या कोणीतरीही तसंच लिहिलं असेल. वीस वर्षं मी स्वतःला हेच सांगत होतो. आता दक्षा समोर बसली होती आणि काय लिहिलंय काका, असं विचारत होती.

मी पत्रातलं सगळं सांगितलं. माझं सांगितलं नाही.

तिनं झेरॉक्सची घडी घातली. मग म्हणाली की हे आजीला येऊन सांगा, तिला कोणी कधी सांगितलंच नाही. तेव्हा आलेल्या लोकांनी 'वीरमरण' एवढा एकच शब्द सांगितला आणि गेले. मग तिनं आजी कागद का देत नाही ते सांगितलं. त्यांच्याकडे माणूस लांब कुठे मेला तर शेताच्या कडेला त्याच्या नावाचा दगड उभा करतात. त्याला वीर म्हणतात. पण दगड उभा केला म्हणजे माणूस त्यात येऊन बसतोच असं नाही. तो कसा मेला ते खरं जाणणाऱ्यानं दगडापाशी सांगावं लागतं. मग भगत तांदळाचे दाणे बघतो. सुदामचा दगड उभा करून एकोणीस वर्षं झाली होती. दरसाल पेरणीच्या आधी आजी विचारायची आणि दरसाल उत्तर एकच यायचं, की सुदाम अजून वाटेवर आहे. बाप घरी आल्याशिवाय पोरगी त्याच वाटेनं पाठवायची नाही, असं आजीचं म्हणणं होतं. फॉर्मची मुदत आठ जूनला संपत होती.

जाता जाता दक्षा दारात थांबून म्हणाली, "आणि काका, फेब्रुवारीपासून दगड फिरतोय."

ती हे उगाच म्हणत नव्हती. आदल्या नोव्हेंबरपासून त्या पट्ट्यात जमीन हादरत होती. कधी दिवसातून एकदा, कधी दहादा. भिंती तडकल्या होत्या, माणसं घरं सोडून अंगणात ताडपत्रीखाली राहत होती. भूकंपात खांब आणि थडगी जागच्या जागी फिरतात, हे मी पुस्तकात वाचलं होतं. तसं मी तिला सांगितलंही. तिनं मान हलवली, पण चेहऱ्यावरून काही पटलेलं दिसलं नाही. वाचलेल्या गोष्टीचा मला स्वतःलाही आता पूर्वीसारखा आधार वाटत नाही.

जूनच्या दुसऱ्या तारखेला मी गेलो. जाऊ नये असं दोनदा वाटलं. एकदा तर डहाणूच्या नाक्यावरून परत फिरलो होतो.

पाड्यावर सात-आठ घरं. प्रत्येक घरापुढे निळी ताडपत्री, तिच्याखाली चूल, खाटा, कोंबड्या. दक्षाची आजी हिराबाई माझ्याच वयाची असेल, पण पाठ ताठ. तिनं मला पाणी दिलं आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. सुक्या भगत खाटेवर पाय सोडून बसला होता. एकही दात नसलेला, हसरा म्हातारा. पुस्तकवाला म्हणजे मास्तरच, असं त्यानं ठरवून टाकलं होतं. मी मास्तर नाही, असं सांगायचा मला धीर झाला नाही.

शेताच्या कडेला मोहाच्या झाडाखाली दगड होता. गुडघ्याएवढा, पुढच्या बाजूला शेंदूर, त्यावर कोरलेला एक ओबडधोबड माणूस. बाकीचे दोन-तीन जुने वीर शेजारी उगवतीकडे तोंड करून उभे होते. सुदामचा एकटा उत्तरेकडे बघत होता. हिराबाईनं सांगितलं की सुक्यानं दोनदा पहारीनं सरळ केला. पहिल्यांदा चार दिवसांत वळला, दुसऱ्यांदा एका दिवसात. शेजारचे दगड जागचे हलले नव्हते. ते मी वाकून पाहिलं. त्यांच्या बुडाशी गवत जसंच्या तसं होतं. सुदामच्या दगडाभोवती मात्र मातीत गोल चर पडला होता, जातं फिरतं तसा.

सुक्यानं रीत समजावली. सांगणाऱ्यानं तांदूळ मुठीत धरून सांगायचं, म्हणजे दाणे ऐकतात. सांगून झालं की मूठ सुपात सोडायची. मग तो दाण्यांच्या जोड्या लावणार. सगळ्यांची जोडी लागली तर माणूस बसला. एक उरला तर तो एकटा वाटेवर आहे. तीनदा विचारता येतं, चौथ्यांदा पुढच्या सालीच.

मी मूठ भरली. माझ्या शर्टाच्या बाह्या लांब, बटणं लावलेली, आणि हाताला घाम. दगडाकडे बघून मी पत्र जसंच्या तसं मराठीत सांगितलं. पाच जण, पुढे सुदाम, ठाणं रिकामं नव्हतं. हिराबाई उकिडवी बसून ऐकत होती. 'सगळ्यात पुढे' हे शब्द आले तेव्हा तिनं पदर तोंडाशी नेला. मी मूठ सोडली. सुक्याचं काळं बोट सुपात दोन-दोन दाणे सरकवू लागलं. त्याला घाई नव्हती. शेवटी एक दाणा उरला.

"पुरतं सांगितलं नाय," सुक्या म्हणाला. मला नव्हे, सुपाला.

मी दुसरी मूठ भरली. आता न सांगून चालणार नव्हतं, आणि अजूनही उठून जाता येईल असंही वाटत होतं. मी सुरुवात केली. म्हणालो की फार वर्षांपूर्वी मी एका कचेरीत होतो, तिथे असं एक टिपण लिहिलं होतं, कदाचित ते पुढे कोणी वाचलं असेल, कदाचित त्यावरूनच ही समजूत झाली असेल, कदाचित माझ्या शब्दांमुळेही... हिराबाईनं पदर खाली घेतला. दक्षा झाडाला टेकून उभी होती, ती सरळ झाली. मी मूठ सोडली. सुक्यानं जोड्या लावल्या. एक उरला.

तो बोळकं पसरून हसला. "मास्तर, तुमी मधी मधी तो एक शबुद टाकता ना, तो काढा. मेलेल्या मानसाला कदाचित काय कलंल? त्यानं पाय कुटं ठेवायचा?"

सत्तेचाळीस वर्षांपूर्वी दिल्लीत, लाल पेन्सिल हातात धरलेल्या माणसानं जवळपास हेच म्हटलं होतं. तेव्हा तो शब्द काढला आणि खोटं झालं. आता तो काढल्याशिवाय खरं होत नव्हतं.

तिसरी मूठ मी घट्ट धरली. म्हणालो, "सुदाम, ते तिथे टिकू शकत नाहीत असं मी लिहिलं. ते चूक होतं. ते पावलं मोजत होते, हे मला माहीत होतं. मी ते काढून टाकलं." आणखी काही सांगायचं होतं.

तेवढ्यात जमिनीखालून आवाज आला. मी तो आधी कधी इतक्या जवळून ऐकला नव्हता. लांबवर तोफ उडावी तसा एक, मग दुसरा, मग आणखी एक. खाली कोणीतरी जड बूट घालून, मोजून मोजून पावलं टाकत आपल्याकडे येतंय असं वाटलं. मोहाची पानं थरथरली. सूप थडथडलं. पाड्यावरून भांडी पडल्याचा आवाज आला आणि कोणीतरी लेकराला हाका मारल्या. मूठ माझी मी सोडली की धक्क्यानं सुटली, ते सांगता येणार नाही.

सगळं थांबल्यावर सुक्यानं जोड्या लावल्या. या वेळी फार वेळ लागला. शेवटचे दोन दाणे त्यानं एकमेकांना टेकवले, बोट उचललं आणि सूप हिराबाईकडे सरकवलं. काही उरलं नव्हतं.

दगडाकडे पाहायला मला धीर होत नव्हता. दक्षानंच जाऊन हात लावला. तो मातीत रुतल्यासारखा घट्ट झाला होता. तिनं सुक्याच्या मदतीनं पहार लावून तो उगवतीकडे वळवला आणि बुडाशी माती दाबली. हिराबाईनं दगडावर डोकं टेकलं. ती रडली नाही. बऱ्याच वेळानं माझ्याकडे वळून तिनं विचारलं, "दादा, आता सांग. ते आनखी येतील का? ही पोर जाते तिकडं."

मला टीव्हीवरची माणसं आठवली. फेब्रुवारीत विमानं सीमेपलीकडे जाऊन आल्यापासून रोज कोणी ना कोणी बोटांवर मोजून सांगत होतं, की शेजारचं सैन्य आता वीस वर्षं डोकं वर काढत नाही. मी म्हणालो, "मला माहीत नाही. कोणालाच माहीत नसतं."

हिराबाईनं मान डोलावली. "मंग तवा हेच लिवायचा होता."

एवढंच ती मला बोलली. घरी जाऊन तिनं पेटी उघडली, फडक्यात बांधलेले कागद काढले आणि दक्षाच्या हातात दिले. निघताना मला कोंबडीचं एक अंडं दिलं. ते घेताना मी काय म्हणालो ते आठवत नाही.

संध्याकाळी घरी पोचलो. अंगातला शर्ट काढताना उजव्या बाहीचं बटण सोडलं, तर दुमडीतून काहीतरी फरशीवर पडलं. वाकून पाहिलं. तांदळाचा एक दाणा होता.

मी तसाच खाली बसलो. तो कुठल्या मुठीतला? पहिल्या किंवा दुसऱ्या मुठीतला असेल तर काही बिघडत नव्हतं. पण तिसरी मूठ मी सगळ्यात घट्ट धरली होती, हात सगळ्यात ओला तेव्हा होता, आणि धक्काही तेव्हाच बसला होता. हा दाणा तिसऱ्या मुठीतला असेल तर जोड्या लागल्या त्या एक दाणा मोजणीबाहेर राहिला म्हणून. सुदाम बसलाच नव्हता. आणि त्या मोजणीवर पोरगी निघाली होती. पुन्हा मी अर्धी मोजणी पुरी म्हणून पुढे पाठवली होती.

चार दिवस दाणा टेबलावर होता. पाचव्या दिवशी दक्षाचा फोन आला. फॉर्म भरला होता, पहाटे उठून पळायचा सराव सुरू केला होता, आणि दगड सरळच होता. तिच्या आवाजात इतका आनंद होता की मी काही बोललो नाही. फोन ठेवल्यावर कळलं, की मी पुन्हा तेच केलं. स्वयंपाक्याचा जबाब काढून टाकला होता तसंच.

दहा जूनला मी दाणा कागदात गुंडाळून खिशात घातला आणि निघालो. या वेळी नाक्यावरून परत फिरलो नाही. दक्षा कॉलेजात गेली होती, त्यामुळे जरा बरं वाटलं. हिराबाई ताडपत्रीखाली नाचणी पाखडत होती. मी तिच्यासमोर कागद उघडला आणि कुठे सापडला ते सांगितलं. मोजणी चुकली असेल, पोरीला थांबवायचं तर अजून वेळ आहे, असंही सांगितलं. सांगताना 'कदाचित' म्हणालो नाही.

तिनं सूप खाली ठेवलं. दाणा बोटाच्या टोकावर घेऊन उन्हात धरला आणि खूप वेळ बघितला. मग माझा हात ओढून दाणा तळव्यावर ठेवला आणि माझी बोटं एकेक करून मिटली.

"दगड बसलाय, मी रोज बघते," ती म्हणाली. "म्हंजे तो आलाय. पन सगला इथं नाय आला. थोडा तुझ्याबरूबर गेला."

मी विचारलं, आता काय करायचं.

"काय करायचा? ठेव त्याला. खायला लागत नाय त्याला काय." ती पुन्हा पाखडू लागली. थोड्या वेळानं सूप न थांबवताच म्हणाली, की पोरगी जाईल, शब्द दिलाय. आणि तिकडचं काही कागदात आलं तर आता आधी मला वाचून दाखव, काही गाळू नको.

दाणा मी चष्म्याच्या जुन्या डबीत ठेवला आहे. डबी टेबलावर असते आणि टेबलासमोर माझी वाचायची खुर्ची. ती पश्चिमेला, समुद्राकडे तोंड करून असते, कारण सकाळी त्या खिडकीतून डोळ्यांवर ऊन येत नाही. तीस वर्षांत मी तिची जागा बदललेली नाही.

मंगळवारी सकाळी चहा घेऊन बसायला गेलो तेव्हा ती थोडी उजवीकडे वळलेली दिसली. झाडताना सरकली असेल म्हणून मी ती सरळ केली. मग आठवलं की झाडलं नव्हतं. बुधवारी आणखी वळली होती. आज शुक्रवार आहे आणि ती पुरती उत्तरेकडे बघते आहे. फरशीवर तिच्या चारी पायांखाली बारीक गोल ओरखडे उठले आहेत.

भूकंपात वस्तू जागच्या जागी फिरतात, हे मी वाचलेलं आहे. म्हणून शेजारी, दुकानात, देवळापाशी, तिघा-चौघांना विचारून आलो. या आठवड्यात चिखल्यात धक्का जाणवल्याचं कोणी म्हणालं नाही.

खुर्ची मी परत सरळ केलेली नाही. तशीच तिच्यावर बसून हे लिहितो आहे.